शो कॉज नोटीस आली की वकील आधी: फौजेतून प्रशासकीय डिस्चार्ज होत असलेल्या जवानासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी

जवानाला घरी पाठवायचं तर कोर्ट मार्शल व्हावंच लागतं, असं गावाकडे बहुतेकांना वाटतं. तसं नाही. कोर्ट मार्शल न होता, नुसत्या कागदांवरही नोकरी जाते. युनिटमध्ये शो कॉज (कारणे दाखवा) नोटीस मिळते, जवान घाईघाईत चार ओळींचं उत्तर लिहून देतो, ब्रिगेड कमांडरची सही होते आणि बारा-तेरा वर्षांची सर्व्हिस पेन्शनशिवाय संपते. जवानाच्या पेन्शनला साधारण 15 वर्षांची पात्र सेवा लागते, त्यामुळे असा माणूस काठावर येऊन बुडतो. पेन्शन जाते, तिच्यासोबत ईसीएचएसचे (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतले) उपचार जातात, आणि गैरवर्तन किंवा अकार्यक्षमता या कारणाने डिस्चार्ज झाला असेल तर माजी सैनिक म्हणून मिळणाऱ्या राखीव जागांवरचा हक्कही जातो.

घरचे मग वकील शोधायला निघतात. तोवर बराच उशीर झालेला असतो. वकील ट्रिब्युनलसाठी, म्हणजे मुंबईत बसणाऱ्या आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलसाठी (लष्करी न्यायाधिकरणासाठी), लागतोच, पण त्याहून जास्त तो नोटिशीच्या उत्तरासाठी लागतो. पुढे तिथे जे काही भांडायचं, त्याचा पाया त्या उत्तरात घातलेला असतो.

आधी कागद ओळखा

डिस्चार्ज (सेवामुक्ती), रिमूव्हल (काढून टाकणं) आणि डिसमिसल (बडतर्फी) हे तीन वेगळे प्रकार आहेत. घरी फोनवर बोलताना जवान तिन्हींना "घरी पाठवतायत" असंच म्हणतो. तुम्ही मात्र नोटिशीचा फोटो मागवा आणि त्यावर कोणतं कलम, कोणता नियम लिहिलाय ते बघा.

आर्मी ॲक्ट, 1950 चं कलम 20 आणि आर्मी रूल्स, 1954 चा नियम 17 लिहिलेला असेल, तर प्रकरण डिसमिसल किंवा रिमूव्हलचं आहे. हे सगळ्यात गंभीर, कारण डिसमिस झालेल्याला सर्वसाधारणपणे पेन्शन मिळतच नाही, कितीही वर्षं झालेली असोत. कलम 22 आणि नियम 13 असेल तर तो डिस्चार्ज. नियम 13 सोबतच्या तक्त्यात डिस्चार्जची कारणं आणि ते मंजूर करणारे अधिकारी दिलेले आहेत. मुदत पूर्ण होणं, वैद्यकीयदृष्ट्या अपात्र ठरणं, स्वतःच्या विनंतीवरून जाणं, आणि शेवटी "इतर सर्व प्रकार". नियम 13(3) मधल्या तिसऱ्या गटाचं पाचवं उपकलम ते हेच. "अनडिझायरेबल" किंवा "सर्व्हिसेस नो लाँगर रिक्वायर्ड" असे शेरे बहुतेक याच दारातून येतात. इथे ब्रिगेड किंवा सब एरिया कमांडरने, परिस्थिती परवानगी देत असेल तर, आदेशाआधी जवानाला कारणं दाखवायची संधी दिली पाहिजे, असं नियमातच लिहिलेलं आहे.

अजून एक कागद अतिशय जपून हाताळायचा: "ओन रिक्वेस्ट" चा अर्ज. "विनंतीवरून जा, कॅरेक्टर चांगलं राहील" असा सल्ला जवानाला कधी कधी आपुलकीनेच दिला जातो. पण त्यावर सही झाली की पुढे "मला काढलं" असं म्हणायची जागाच उरत नाही. पेन्शनपात्र सेवा पूर्ण झालेली नसेल तर वकिलाशी बोलल्याशिवाय त्या कागदावर सही करू नका. सही करून गेला असाल आणि आदेश अजून अमलात आलेला नसेल, तर त्याच दिवशी अर्ज मागे घेत असल्याचं लेखी द्या आणि पोच घ्या.

लाल शाईच्या नोंदी

कंडक्ट शीटवर, म्हणजे जवानाच्या वर्तनाच्या नोंदपत्रावर, काही शिक्षा लाल शाईने नोंदवल्या जातात, म्हणून जवान त्यांना "रेड एन्ट्री" म्हणतात. चार रेड एन्ट्री झाल्या की माणूस आपोआप बाहेर, अशी समजूत बराकीत अगदी घट्ट बसलेली आहे. कायदा तसं म्हणत नाही.

सेना मुख्यालयाचं 28 डिसेंबर 1988 चं धोरणपत्र या विषयाचा मूळ कागद आहे. डिस्चार्जची शिफारस करण्याआधी निःपक्षपाती चौकशी व्हावी, जवानाला बाजू मांडायला मिळावी, आणि त्याची एकूण सेवा, खडतर ठिकाणी काढलेला काळ, कठीण परिस्थितीतलं राहणं हे सगळं विचारात घ्यावं, असं त्यात सांगितलेलं आहे. वीरेंद्र कुमार दुबे प्रकरणात सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर 2015 मध्ये स्पष्ट केलं की चार नोंदी झाल्या म्हणजे डिस्चार्ज बंधनकारक होत नाही, आणि त्या धोरणपत्रातली चौकशी टाळून काढलेला आदेश टिकत नाही. 2016 मध्ये विजय शंकर मिश्रा प्रकरणातही कोर्टाने हीच भूमिका घेतली.

मात्र हे दोन निकाल हातात आले म्हणजे केस जिंकली, असं कुणी सांगत असेल तर सावध व्हा. सप्टेंबर 2019 मध्ये सतगुर सिंग प्रकरणात सुप्रीम कोर्टाने डिस्चार्ज कायम ठेवला. ही प्राथमिक चौकशी म्हणजे पूर्ण कोर्ट ऑफ इन्क्वायरी (औपचारिक लष्करी चौकशी) असायलाच हवी असं नाही, आणि जवानाने नोटिशीला दिलेल्या उत्तरात ठोस काही नसेल तर त्याला फारसा आधार उरत नाही, हे त्या निकालातून घ्यायचं. म्हणजे गाडी पुन्हा उत्तरापाशीच येते.

नोटीस मिळाल्यावर पहिले काही दिवस

नोटीस घेताना सही करावी लागते, ती करा, पण सहीखाली तारीख घाला. उत्तराची मुदत नोटिशीतच असते. मुदत अपुरी वाटत असेल तर ती संपायच्या आत वाढवून मागणारा लेखी अर्ज द्या आणि त्यात कारण सांगा: कागदपत्रं घरून मागवायची आहेत, कायदेशीर सल्ला घ्यायचा आहे.

त्याच अर्जात कागद मागा. कंडक्ट शीटची प्रत, ज्या नोंदींवर नोटीस उभी आहे त्यांचे तपशील, चौकशी झाली असेल तर तिची कागदपत्रं, आणि ज्या धोरणपत्राचा हवाला दिलाय ते पत्र. युनिटने कागद दिले तर उत्तर नीट लिहिता येतं. नाकारले किंवा गप्प बसले, तर "मागूनही मिळाले नाहीत" हा मुद्दा तुमच्या फाइलमध्ये तारखेसकट नोंदला जातो. माहिती अधिकारातही अर्ज करता येतो. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस, आणि ऑनलाइन पोर्टलवरून तो घरचं कुणीही जवानाच्या नावाने भरून देऊ शकतं. पण या 30 दिवसांसाठी नोटीस थांबत नाही, म्हणून युनिटकडचा अर्ज आधी.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी चालू असेल आणि तिचा रोख जवानाच्या चारित्र्यावर किंवा लष्करी प्रतिष्ठेवर असेल, तर आर्मी रूल्सचा नियम 180 लक्षात ठेवा. चौकशीच्या पूर्ण वेळ हजर राहणं, स्वतःचं म्हणणं देणं, साक्षीदारांची उलटतपासणी घेणं, आपले साक्षीदार आणणं हे त्याचे हक्क आहेत. बरेच जण "नो क्वेश्चन" म्हणून सही करतात आणि पुढे तीच सही त्यांच्याविरुद्ध वाचली जाते. एखादा प्रश्न विचारायचा असेल तर विचाराच, आणि तो लिहून घ्यायला लावा.

वकील युनिटमध्ये येऊन तुमच्या बाजूने बोलेल, ही अपेक्षा मात्र ठेवू नका. शो कॉजच्या टप्प्यावर बोलणारा एकच, तो म्हणजे तुमचा कागद. तो कागद वकिलाकडून तयार करून घ्यायला कुठलीही आडकाठी नाही. कोर्ट मार्शलची गोष्ट वेगळी. जनरल किंवा डिस्ट्रिक्ट कोर्ट मार्शलमध्ये वकील देता येतो. समरी कोर्ट मार्शलमध्ये नियम 129 प्रमाणे "फ्रेंड ऑफ द अक्यूज्ड" बसवता येतो; तो जवानाला सल्ला देऊ शकतो, कोर्टापुढे बोलू शकत नाही.

उत्तर कसं लिहायचं

जवान स्वतः लिहितो ते उत्तर साधारण असं असतं: "साहेब, घरच्या अडचणीमुळे चूक झाली, पुन्हा होणार नाही, एक संधी द्यावी." मनापासून लिहिलेलं असतं, पण कायद्याच्या नजरेत ही सगळ्या आरोपांची सरसकट कबुली होते. शिवाय त्यात तपासून बघण्यासारखं काहीच नसतं.

रजा उलटल्याचा गुन्हा आर्मी ॲक्टच्या कलम 39 मध्ये आहे आणि त्यात "पुरेशा कारणाशिवाय" हे शब्द आहेत. म्हणजे कारण सांगायचं आणि ते कागदाने दाखवायचं. समजा गेवराई तालुक्यातल्या एका नाईकाला नोटीस आली आहे आणि तिच्यात रजा उलटल्याच्या चार नोंदी आहेत. त्याचं उत्तर नोंदीनिहाय हवं. तिसऱ्या नोंदीपुरतं ते असं होईल:

"नोंद क्रमांक 3 बाबत: रजा संपण्याच्या दोन दिवस आधी माझ्या आईला अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखल करावं लागलं. वडील ऊसतोडीला गेलेले होते आणि घरात दुसरं कुणी मोठं माणूस नव्हतं. रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड जोडपत्र 3-अ म्हणून जोडलं आहे. रजा वाढवून मिळावी म्हणून मी रजा संपण्याआधी कंपनीच्या सीनियर जेसीओ साहेबांना फोन केला. त्या दिवशीचं कॉल रेकॉर्ड जोडपत्र 3-ब आहे. आई घरी आल्यावर मी स्वतःहून युनिटमध्ये हजर झालो. मला पकडून आणलेलं नाही."

यातलं प्रत्येक वाक्य तपासता येतं. शेवटची दोन वाक्यं तर फार कामाची आहेत. स्वतःहून हजर झालेला आणि पकडून आणलेला, या दोघांकडे कायदा सारख्या नजरेने बघत नाही.

कागद जमवायचं काम घरच्यांचं. आपल्या मराठवाड्यात ही अडचण मोठी आहे, कारण घरची संकटं खरी असतात पण त्यांची नोंद कुणी ठेवलेली नसते. घाटीचा (छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी रुग्णालयाचा) केसपेपर, बांधावरच्या भांडणाचा एफआयआर किंवा एनसी (अदखलपात्र तक्रारीची नोंद), दुष्काळात किंवा अतिवृष्टीत तलाठ्याने केलेला पंचनामा, मृत्यू दाखला, वाटणीच्या दाव्यातल्या तारखा, मुकादमाकडून उचल घेतल्याचा कागद असेल तर तो. सरपंचाचं किंवा पोलीस पाटलाचं पत्र जोडायला हरकत नाही, पण ते एकटं पुरत नाही. सरकारी शिक्का आणि मूळ तारीख असलेला कागद त्याच्या वर ठेवा. कागद मराठीत असतील तर हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर सोबत हवं, नाहीतर आसाम किंवा जम्मूतल्या कार्यालयात ते कुणी वाचणार नाही.

उत्तराच्या दुसऱ्या भागात सेवेचा हिशोब मांडा. कोणत्या फील्ड पोस्टिंगला किती काळ, कोणती पदकं, कोणते कोर्स, मधली किती वर्षं स्वच्छ गेली. 1988 च्या धोरणपत्रात ज्या गोष्टी विचारात घ्यायला सांगितल्या आहेत त्या याच, आणि त्या तुम्ही मांडल्या नाहीत तर दुसरं कुणी मांडणार नाही. पेन्शनला किती काळ उरलाय तोही आकडा लिहा. शेवटी प्राथमिक चौकशी झाली नसेल तर ती झालेली नाही असं स्पष्ट वाक्यात लिहा. झाली असेल आणि तिच्यात तुम्हाला बोलू दिलं नसेल, तर तसं.

उत्तर दिल्यावर प्रतीवर पोच घ्या. क्लर्क पोच देत नसेल तर त्याच दिवशी कमांडिंग ऑफिसरच्या नावाने स्पीड पोस्टने पाठवा.

जे जवान आज रजेवर आहेत आणि अडचणीत सापडलेत त्यांच्यासाठीही एक गोष्ट. रजा संपायच्या आत मुदतवाढ मागा, लेखी मागा. स्वतः आजारी पडलात तर जवळच्या मिलिटरी हॉस्पिटलला रिपोर्ट करा. आपल्याकडे ते छत्रपती संभाजीनगरच्या छावणीत आहे. किनवट किंवा उमरग्याहून तिथवर जाणं आजारी माणसाला जमत नसेल, तर सरकारी दवाखान्यात दाखल व्हा आणि त्याचा कागद त्याच दिवशी युनिटला पाठवा. 30 दिवस उलटले की आर्मी ॲक्टच्या कलम 106 खाली कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते आणि प्रकरणाला वेगळंच वळण लागतं.

वकील कसा निवडायचा

तालुक्याचा वकील कितीही हुशार असला तरी सर्व्हिस मॅटर, त्यातही लष्करी, हे वेगळं काम आहे. सरळ विचारा: तुम्ही आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलमध्ये याआधी अर्ज चालवलेत का? मसुदा कोण लिहिणार? मुंबईत तारखेला कोण उभं राहणार? जॅग ब्रँचमधून (लष्कराच्या कायदा शाखेतून) निवृत्त झालेले काही अधिकारी वकिली करतात. त्यांना युनिटचे कागद वाचता येतात, हा मोठा फायदा. पण "वरपर्यंत ओळख आहे, आदेश फिरवून देतो" म्हणणाऱ्या माणसापासून चार हात लांब राहा. वकिलाची सनद आहे का ते महाराष्ट्र आणि गोवा बार काउन्सिलकडून कळतं. पेन्शनच्या थकबाकीतून टक्केवारी ठरवणं बार काउन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत बसत नाही. फी आकड्यात ठरवा, लेखी घ्या, आणि मूळ कागद कुणालाही देऊ नका.

पैसे नसतील म्हणून थांबू नका. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं. 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमाती, महिला, अपंग आणि ठरावीक उत्पन्नाच्या आतल्यांना मोफत वकील मिळतो. जुलै 2025 मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी वीर परिवार सहायता योजना सुरू केली आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन या योजनेचं नाव घेऊन विचारा. जवानाच्या पत्नीने किंवा आईने गेलं तरी चालतं.

आदेश निघालाच तर

आता घड्याळ सुरू होतं. ट्रिब्युनलच्या 2007 च्या कायद्याप्रमाणे आधी सेवेतले उपाय वापरायचे असतात. जवानासाठी तो उपाय म्हणजे वरिष्ठांकडे तक्रार. आर्मी ॲक्टच्या कलम 26 खालची तक्रार किंवा आदेशाविरुद्धचं निवेदन. त्यावर अंतिम उत्तर आलं की सहा महिन्यांत ट्रिब्युनलमध्ये अर्ज करायचा. उत्तरच आलं नाही तर निवेदन दिल्यापासून सहा महिने थांबायचं आणि पुढच्या सहा महिन्यांत जायचं. उशीर झाला तर माफीचा अर्ज करता येतो, पण "माहीत नव्हतं" एवढ्यावर तो मिळेल असं धरून चालू नका.

ज्यांच्या डिस्चार्जला वीस-बावीस वर्षं झाली, असेही बरेच जण आपल्या गावांत आहेत. 2008 च्या तरसेम सिंग निकालानुसार पेन्शन न मिळणं ही दर महिन्याला चालू राहणारी तक्रार मानता येते, आणि थकबाकी साधारण मागच्या तीन वर्षांपुरती मिळते. हे पेन्शनच्या हक्काला लागू होतं. डिस्चार्जच चुकीचा होता हे म्हणायला मात्र तेवढी सवलत नाही. शिवाय पेन्शन नसलेल्या जवानांची सेवा कागदपत्रं 25 वर्षांनंतर नष्ट केली जातात. त्यामुळे रेकॉर्ड ऑफिसकडे अर्ज आजच करा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला.

अर्ज कुठे करायचा? युनिट अरुणाचलमध्ये होतं म्हणून गुवाहाटीला जायची गरज नाही. सेवेतून बाहेर पडलेला माणूस जिथे राहतो तिथल्या खंडपीठात अर्ज करू शकतो, आणि आपल्यासाठी ते मुंबई. देवगिरीने रात्री निघालं की सकाळी पोचता येतं. खंडपीठावर एक न्यायिक सदस्य आणि एक निवृत्त वरिष्ठ लष्करी अधिकारी असतो. अग्निवीरांनाही आर्मी ॲक्ट लागू आहे, तेव्हा हा रस्ता त्यांनाही खुला आहे.

इथे एक गल्लत नेहमी होते. गावात बीएसएफ, सीआरपीएफ, सीआयएसएफ, आयटीबीपीच्या जवानालाही फौजीच म्हणतात, पण ते संरक्षण मंत्रालयाखाली नाहीत आणि ट्रिब्युनल त्यांचं नाही. त्यांनी हायकोर्टात रिट करायची. आदेश घरी मिळाला असेल किंवा प्रकरणाचा काही भाग इथे घडला असेल तर औरंगाबाद खंडपीठात जाता येईल का, ते वकिलाने आधी तपासावं. लष्करातल्या जवानालाही ट्रिब्युनलच्या निकालानंतर हायकोर्टाचं दार पूर्ण बंद नाही. सुप्रीम कोर्टाने मार्च 2023 मध्ये परशोत्तम दास प्रकरणात ते मान्य केलं आहे.

वैद्यकीय कारणाने घरी पाठवलं असेल तर प्रश्नच निराळा. कोणतं मेडिकल बोर्ड बसलं, इन्व्हॅलिडिंग (अपात्र ठरवून काढणारं) की रिलीज (सेवा संपताना तपासणारं), ते आधी बघा. 2008 च्या राजपाल सिंग निकालाने इन्व्हॅलिडिंग बोर्डाशिवाय लो मेडिकल कॅटेगरीतल्या (वैद्यकीय श्रेणी खाली आलेल्या) जवानाला काढणं चुकीचं ठरवलं होतं. त्यानंतर नियमात बदल झाले, म्हणून डिस्चार्जची तारीख महत्त्वाची. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर 2013 चा धरमवीर सिंग निकाल डिसॅबिलिटी पेन्शनसाठी वकिलाच्या पुढ्यात ठेवा.

काय मिळू शकतं

नोकरीवर पुन्हा रुजू होणं दर वेळी शक्य नसतं, वय उलटलेलं असतं. दुबे प्रकरणात सुप्रीम कोर्टाने जवानाला पेन्शनपात्र सेवा पूर्ण होईपर्यंत नोकरीत असल्याचं मानलं आणि पेन्शन दिली, मधल्या काळाचा पगार मात्र दिला नाही. घरच्यांनी हाच निकाल डोळ्यासमोर ठेवून खर्चाचा हिशोब करावा. पेन्शनला थोडेच महिने कमी पडत असतील तर एक वर्षापर्यंतची तूट माफ करण्याची तरतूदही आहे. अर्जात ती पर्यायी मागणी म्हणून घालायला सांगा.

निकाल बाजूने लागला तरी तो आपोआप अमलात येतो असं समजू नका. निकालाची प्रमाणित प्रत पत्रासोबत रेकॉर्ड ऑफिसला पाठवा, प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयाकडून पीपीओ (पेन्शन देण्याचा आदेश) निघतोय का ते स्पर्श या संरक्षण पेन्शनच्या पोर्टलवर बघत राहा, आणि ट्रिब्युनलने दिलेली मुदत संपली की वकिलाकडून अंमलबजावणीचा अर्ज लगेच दाखल करून घ्या.